नाकतोड्याच्या अंड्यातला बलक येतो कुठून?

भाताच्या खाचरात पकडलेल्या नाकतोड्याच्या मादीचं पोट उघडल्यावर तुम्हाला पिवळे लांबट दाणे दिसले, आणि हा बलक अंडाशयच तयार करतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही, अंडाशय तो बाहेरून ओढून घेतं.

पुन्हा बघाल तेव्हा आतड्याभोवतीचा फिकट पिवळा, मऊ थर चरबी समजून पुसून टाकू नका. ते मेदपिंड. बलकाचं मुख्य प्रथिन, व्हिटेलोजेनिन, तिथे बनतं आणि रक्तात सुटतं. कीटकाचं रक्त पोटात मोकळंच असतं, अंडाशय त्यातच बुडालेलं. प्रत्येक अंड्याभोवती पेशींचं आवरण असतं. मेंदूमागच्या ग्रंथीतून ज्युव्हेनाईल हॉर्मोन आलं की मेदपिंड कामाला लागतं, शिवाय आवरणातल्या पेशी आकसून त्यांच्यात फटी पडतात. फटीतून आलेलं प्रथिन अंड्याचा पडदा नेमकं पकडतो, तिथे खळगा पडतो आणि त्याची इवलीशी पिशवी होऊन आत जाते. हे खळगे रॉथ आणि पोर्टर या संशोधकांनी 1964 मध्ये डासाच्या अंड्यात दाखवले. डासाचं तंत्र मात्र वेगळं: आधी रक्त प्यायला हवं, मग एक्डायसोन हे दुसरं हॉर्मोन मेदपिंडाला जागं करतं. आणि ड्रॉसोफिला माशीत अंड्याभोवतीच्या पेशीही थोडा बलक बनवतात, म्हणजे तुमची शंका अगदीच चुकीची नव्हती.

अंडाशयाची एक नळी सुटी करून भिंगाखाली धरा. वर बारीक पांढुरकी अंडी ओळीने, खाली टोकाशी एकच फुगलेलं पिवळं. एका वेळी तेवढंच भरतं. मादीची उपासमार झाली तर अर्धवट भरलेलं अंडं ती परत शोषून घेते आणि नळीत नारिंगी ठिपका उरतो. मला तरी हा ठिपका बलकापेक्षा जास्त बोलका वाटतो. मादीच्या खाण्यापिण्याचे हाल त्यावरून कळतात.

एवढा बलक लागतो, कारण भातावरचा नाकतोडा पावसाळ्याच्या शेवटी बांधाच्या मातीत अंडी घालतो आणि पिल्लं थेट पुढच्या पावसाला निघतात. मधला हिवाळा-उन्हाळा सगळा या शिदोरीवर. म्हणून कापणीनंतर बांध तासून घ्या. अंड्यांचे पुंजके उघडे पडले की ऊन आणि पाखरं पुढचं बघतात, फवारणीचा खर्चही वाचतो.