सांगली-मिरजेत दोघा पुरुषांनी घर कुठे बघावं?

पुण्याहून सांगलीला बदली झालीय, जोडीदारही पुरुष आहे, एलजीबीटीक्यू लोकांना सोयीचा भाग कोणता, असं तुम्ही विचारलंय. तसा भाग इथे नाही. आम्ही दोघं २०१८ पासून इथे आहोत, तीन घरं बदलली. माझं मत असं, की भागाआधी घरमालक कुठे राहतो ते बघा.

पहिलं घर गावभागात, जुन्या वाड्यात. भाडं कमी, मालक खालीच. आम्ही मावसभाऊ आहोत असं ठोकून दिलं होतं. काही महिन्यांनी आई आली, तर मालकीणकाकू तिला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा मुलगा फार गुणी हो!" आईला बहीणच नाही. तिच्या चेहऱ्यावरूनच काकू काय ते समजल्या. घर सोडा असं कुणी म्हटलं नाही, फक्त जिन्यातलं बोलणं थांबलं. शेवटी आम्हाला तिथून हलवलं ते २०१९ च्या पुरानं. म्हणून सांगतो, नातं खोटं सांगू नका. "आम्ही दोघं राहणार" एवढं पुरतं, पुढचं फारसं कुणी विचारत नाही.

विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन या कॉलेजांमुळे पोरं कॉट बेसिसवर राहतातच, त्यामुळे दोन पुरुष एका घरात याचं कुणाला नवल नाही. पण तिशी ओलांडली की "लग्नाचं काय?" सुरू होतं. आम्ही दोन वर्षांत कंटाळलो.

आता मिरजेत आहोत. दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून पेशंट येतात, नातेवाईक महिनाभर खोली घेऊन राहतात, नर्सेस, शिकाऊ डॉक्टर येत-जात असतात. कोण कुणाचा कोण, हे विचारायला कुणाला सवड नाही. आमचा मालक परगावी असतो आणि भाडं पाच तारखेच्या आत आलं की खूश असतो.

भाडेकरारात मात्र दोघांची नावं घालाच. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपल्याला सोडवलं, पण ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाला मान्यता दिली नाही. त्यामुळे एकाच्याच नावावर करार असेल तर उद्या दुसऱ्याला "तू कोण?" असं विचारता येतं. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. शहरात नोंदणी फी हजार रुपये, शिवाय मुद्रांक शुल्क, ऑनलाइन होतं. "नोटरी करू, तेवढं चालतं" म्हणणाऱ्या एजंटाला हसून नाही म्हणा.

समलिंगी म्हणून कुणी घर नाकारलं तर खासगी मालकाविरुद्ध थेट दाद मागण्याजोगा कायदा नाही. तृतीयपंथी व्यक्तींना मात्र २०१९ च्या कायद्यानं घर भाड्यानं नाकारता येत नाही. माणसं हवी असतील तर संग्राम ही संस्था नव्वदच्या दशकापासून सांगलीत काम करतेय. मुळात ती वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांसाठी उभी राहिली, पण आपल्यासारखे गेले तरी तिथे कुणी चमकून बघत नाही.

आणि हो, सांगलीत नदीकडचं घर बघणार असाल तर २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारा. एजंट आपणहून सांगत नाही.