‘माझाच कोड मला कळंना झालाय’

निपाणीकडचा तरुण. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात हिशेबाच्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहितो. “चार महिन्यांमागं मीच लिहिलंय की हे, आता वाचून काय कळंना. हे काम आपल्याला झेपंना म्हणायचं काय, सर?” ही भीती घेऊन येणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेक वेळा दोष डोक्याचा नसतो.

स्क्रिप्ट उघडायला लावली. पायथनमधली, १८० ओळींचं एकच फंक्शन. नावं ए, बी, टेंप, डेटा२. आकारमानावरून कास्टिंगचं (ओतीव भागाचं) वजन काढताना दोन ठिकाणी ७.२ नं गुणलेलं, तिसऱ्या ठिकाणी ७.१ नं. हे आकडे कसले, कुठंच लिहिलेलं नाही. सगळ्यात घातक ते ‘एक्सेप्ट’ खालचं ‘पास’, म्हणजे चूक आली तरी काही न करता पुढं जा: आकारमानाचा रकाना रिकामा असला की ती नोंद गुपचूप गळायची, बेरीज कमी यायची आणि एररही दिसायची नाही.

दुरुस्तीआधी मागच्या एका महिन्याची फाइल आणि तिचा रिपोर्ट बाजूला काढून ठेवायला सांगितलं. एक छोटा बदल, त्याच फाइलीवर स्क्रिप्ट चालवायची, रिपोर्ट जुना-नवा ताडायचा, जुळला तर गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) कमिट, म्हणजे तो बदल नोंदवून ठेवायचा. उत्तर बदलणारी दुरुस्ती या टप्प्यात करायचीच नाही, ती नंतर वेगळ्या कमिटमध्ये. दोन्ही एकदम केलं की आकडा कशानं हलला ते शोधत बसावं लागतं.

मग नावं. ‘बी’चं ‘वेट_केजी’ केलं; एकक नावातच असलं की ग्रॅम-किलोचा घोळ टळतो. फंक्शनचे तीन तुकडे: फाइल वाचणं, वजन काढणं, रिपोर्ट लिहिणं. नाव देताना मध्ये ‘आणि’ घालावासा वाटला, तर अजून एक तुकडा पाडायचा.

“नावं मराठीत ठेवू काय?” पायथन ३ ला देवनागरी नावंही चालतात. पण शेजारच्या टेबलावरचा कन्नड वाचणारा आहे, उद्या स्क्रिप्ट त्याच्याकडं जाईल. म्हणून नावं सोप्या इंग्रजीत. कॉमेंटमध्ये फक्त कारण लिहायचं. ‘इथे १ मिळवला’ हे कोडातच दिसतं. ‘पहिली ओळ मथळ्याची, म्हणून सोडली’ हे दिसत नाही.

पेप ८ मध्ये, म्हणजे पायथन कसं लिहावं याच्या संकेतांत, ओळ फार तर ७९ अक्षरांची आणि इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) चार स्पेसचा. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये, ब्लॅक हे कोडची मांडणी आपोआप करणारं साधन चालवावं; त्याची ओळ ८८ ची असते.

७.१ ला तो चूकच समजत होता. शॉपमध्ये विचारल्याशिवाय हात लावू नको म्हटलं. ती एसजी आयर्नची (गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या बिडाची) घनता निघाली, ७.२ करड्या बिडाची. त्यानंच मुद्दाम घातली होती. आता वर दोन कॉन्स्टंट (नाव दिलेले ठरीव आकडे) आहेत, धातूच्या नावानं.