रिंग वाजते, पण आवाज येत नाही: टेबलावरच्या इंटरनेट फोनबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी ऑफिसातल्या इंटरनेट फोनबद्दल एवढी पत्रं आलीत की बाकीचे विषय बाजूला ठेवून आख्खं सदर यालाच दिलंय. एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण खालच्या बऱ्याच उत्तरांत ती परत येणार आहे. या फोनमध्ये कॉल जुळवणं आणि आवाज पोचवणं ही दोन वेगळी कामं असतात. नंबर लावणं, रिंग देणं, फोन ठेवल्याचं कळवणं हे सगळं सिप नावाचा प्रोटोकॉल करतो आणि प्रत्यक्ष बोलणं आरटीपी नावाच्या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या पॅकेटमधून, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांतून जातं, दोघांचे पोर्ट (डेटा ये-जा करायचे नंबर दिलेले दरवाजे) वेगळे आणि बरेचदा रस्तेही वेगळे. एक चालू आणि दुसरं बंद असं सर्रास होतं. त्यामुळे सपोर्टला फोन लावून नुसतं "फोन चालत नाहीये" म्हणू नका, नेमकं काय चालतंय आणि काय अडलंय ते आधी बघून घ्या, अर्धं काम तिथेच होतं.

प्रश्न: नवीन फोन आलेत पण खोक्यात अडॅप्टरच नाही. मागे नेटवर्क केबलची दोन सारखीच भोकं आहेत. केबल लावली तरी स्क्रीन काळीच. पीस खराब आलाय का?

बहुतेक नाही. हे फोन करंट नेटवर्क केबलमधूनच घेतात, त्याला पीओई म्हणतात, पण मग समोरचा नेटवर्क स्विचही, म्हणजे ऑफिसातल्या केबल जिथे एकत्र येतात तो डबाही, करंट देणारा पाहिजे, साधा स्विच फक्त डेटा देतो. स्विचवर पीओई लिहिलेलं असलं तरी त्याच्या सगळ्याच पोर्टना, म्हणजे केबलच्या भोकांना, ते असेल असं नाही, तेही बघा. स्विच साधाच असेल तर मधे पीओई इंजेक्टर, म्हणजे केबलमधे करंट घालणारा छोटा डबा, लावता येतो, घेताना ८०२.३ एएफ स्टँडर्डचा घ्या. त्यात पोर्टवरून १५.४ वॅटपर्यंत पॉवर निघते आणि फोनपर्यंत १२.९५ वॅट नक्की पोचते, साध्या डेस्क फोनला भरपूर झाली. "पॅसिव्ह" लिहिलेला इंजेक्टर नको, तो समोर काय जोडलंय ते न बघता सरळ करंट सोडतो. आणि ड्रॉवरमधला जुना अडॅप्टर पिन बसतेय म्हणून लावायचा मोह टाळा, काही फोन ५ व्होल्टचे असतात, काही १२ चे, काही ४८ चे.

आता ती दोन भोकं. एकावर लॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं, त्यात भिंतीकडून किंवा स्विचकडून आलेली केबल. दुसऱ्यावर पीसी, तिथून पुढे कॉम्प्युटरला. उलटं लावलं तर फोनला करंट मिळत नाही. आणि दोन्ही केबल एकाच स्विचला तर चुकूनही लावू नका, लूप होतो आणि एका फोनपायी सगळ्या ऑफिसचं नेटवर्क बसू शकतं.

फोन सुरू झाला की मेनूत स्टेटसमध्ये त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता दिसेल, तो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाका म्हणजे सेटिंगचं पान उघडेल. तिथे प्रोव्हायडरच्या, म्हणजे फोनसेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता, युजर आणि पासवर्ड भरायचा. इथे खूप जण अडकतात ते असं, की प्रोव्हायडरच्या वेबसाइटवर लॉगिन करायचा पासवर्ड भरतात, पण फोनला लागतो तो सिप पासवर्ड आणि तो वेगळा असतो. काही ठिकाणी युजर आयडी आणि ऑथेंटिकेशन आयडी पण वेगवेगळे असतात. आणि हो, फोनचा स्वतःचा अॅडमिन पासवर्ड त्याच बसकीत बदला, कंपनीतून आलेला तसाच ठेवू नका.

प्रश्न: नवीन राउटर बसवल्यापासून बाहेरचा कॉल आला की रिंग वाजते, उचलल्यावर आमचं बोलणं समोरच्याला नीट जातं पण त्याचं आम्हाला काहीच ऐकू येत नाही. प्रोव्हायडर म्हणतो लाइन ओके, नेटवाला म्हणतो नेट ओके. काय करायचं?

दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत आणि तुमचा प्रॉब्लेमही खराच आहे. आधी अर्ध्या मिनिटाची तपासणी करा. कॉल चालू असताना स्पीकरचं बटण दाबा. स्पीकरवर आवाज आला तर नेटवर्कचा काही संबंध नाही, फोन उलटा करून खाली बघा, दोन छोटे जॅक शेजारी शेजारी असतात, एकावर रिसीव्हरचं चित्र आणि दुसऱ्यावर हेडसेटचं, आणि साफसफाईत किंवा टेबल हलवताना रिसीव्हरची वायर हेडसेटच्या जॅकमधे गेलेली असते.

स्पीकरवरही शांतताच असेल तर मग राउटर. होतं असं की कॉल जुळवताना तुमचा फोन समोरच्याला कळवतो, "मला आवाज या पत्त्यावर पाठवा", आणि तो पत्ता असतो १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे ऑफिसच्या आतला. बाहेरच्या जगात त्या पत्त्याला काही अर्थ नाही. तुमचा आवाज बाहेर जायला अडचण नसते कारण सर्व्हरचा पत्ता खरा असतो, पण परतीचा आवाज कुठे न्यायचा हे कळत नाही आणि तो वाटेतच हरवतो. म्हणून एकाच बाजूचं ऐकू जातं. आजकालचे बरेचसे सर्व्हर यावर उपाय करतात, तुमची पॅकेट प्रत्यक्षात कुठून येतायत ते बघून तिथेच आवाज परत पाठवतात. मग तरी का बिघडतं? तर राउटरमधे सिप एएलजी नावाची एक सोय असते, बऱ्याच राउटरमधे ती आधीपासूनच चालू असते, ती मदत म्हणून मधल्या मधे हे पत्ते बदलते आणि बरेचदा चुकीचे बदलते. नवीन राउटरनंतर असं सुरू झालं म्हणताय म्हणजे माझा पहिला संशय हिच्यावरच. राउटरच्या सेटिंगमधे शोधा, बंद करा, मग राउटर आणि फोन दोन्ही रीस्टार्ट करा, फोन रीस्टार्ट करायला विसरू नका कारण तो जुन्याच रजिस्ट्रेशनवर, म्हणजे सर्व्हरकडे आधी केलेल्या नोंदणीवर, बसून राहतो.

एवढ्याने नाही सुटलं तर बघा की नेटवाल्याचा मोडेमही राउटरचं काम करतोय आणि तुमचा नवीन राउटरही, म्हणजे एकामागे एक दोन, तर मोडेम ब्रिज मोडमधे टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून देतो. काही राउटरमधे एएलजी बंदच करता येत नाही, तिथे प्रोव्हायडरला विचारून फोन सिपच्या नेहमीच्या ५०६० पोर्टच्या ऐवजी टीएलएस या एन्क्रिप्टेड पद्धतीवर, म्हणजे बहुतेक ठिकाणी ५०६१ वर टाका. सिपचे मेसेज एन्क्रिप्ट झाले की राउटरला ते वाचताच येत नाहीत, मग बदलणार कुठून! मात्र फोनकडे पोर्ट फॉरवर्ड करून द्यायचा, म्हणजे बाहेरून थेट फोनपर्यंत वाट उघडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, का ते पुढे येतंय.

याच जातीची आणखी एक तक्रार आलीय, आवाज दोन्हीकडून छान पण कॉल अर्ध्या मिनिटात आपोआप कट. स्क्रीनवरचा टायमर बघा. दरवेळी ३२ सेकंदांच्या आसपासच कट होत असेल तर तो योगायोग नाही. फोन उचलला की उचलणाऱ्या बाजूला एक पोच मिळावी लागते, ती आली नाही तर ३२ सेकंद वाट बघून ती बाजू कॉल तोडते. म्हणजे इथे आवाजाची वाट मोकळी आहे आणि सिपची अडलीय, वरच्याच्या बरोबर उलट. तपासणी मात्र तीच, एएलजीपासून सुरू करा.

प्रश्न: दुपारी ठरावीक वेळी आवाज तुटायला लागतो. स्पीड टेस्ट तर मस्त येते. नेटचा मोठा प्लॅन घ्यावा का?

घाई नको. जी.७११ कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाजाचा डेटा करायची पद्धत) एका कॉलला एका दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे १० कॉल एकदम चालले तरी १ एमबीपीएसच्या आतच. स्पीड कमी पडत नाहीये, पॅकेट वेळेवर पोचत नाहीयेत. त्या वेळी कुठल्यातरी कॉम्प्युटरचा बॅकअप क्लाउडवर जातोय का बघा, अपलोड भरला की तुमचा आवाज रांगेत अडकतो. समोरचा म्हणतो "तुमचं तुटतंय" पण तुम्हाला त्याचं नीट येतंय, तर अपलोडच पकडा. बॅकअप रात्री टाका आणि राउटरमधे क्यूओएस, म्हणजे कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवायची सोय, चालू करून फोनला पहिला नंबर द्या, फक्त त्यात अपलोडचा आकडा प्रत्यक्ष मिळतो त्यापेक्षा थोडा कमी भरा, नाहीतर रांग राउटरच्या बाहेर मोडेममधे लागते आणि क्यूओएस नुसतं नावाला राहतं. फोन वायफायवर असेल तर हे सगळं करण्याआधी केबल लावा.

प्रश्न: कस्टमर केअरला लावला की "१ दाबा, २ दाबा" सांगतात, आम्ही दाबतो पण तिकडे काही होतच नाही.

सेटिंगमधे डीटीएमएफ शोधा, दाबलेलं बटण पलीकडे कसं पाठवायचं ते त्यात ठरतं. "इनबँड" असेल तर "आरएफसी २८३३" करा, काही फोनमधे हेच "आरएफसी ४७३३" नावाने असतं. इनबँडमधे बटणाचा टूं आवाज बोलण्यातूनच जातो आणि जी.७२९ सारखा कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असल्याने तो टोन बिघडवतो. सर्व्हरवरही तेच सेटिंग आहे ना एवढं विचारून घ्या.

प्रश्न: रात्री १०० किंवा १००१ अशा नंबरवरून सारख्या रिंग येतात, उचललं तर कुणीच नाही. वॉचमन घाबरलाय.

त्यांना आधी सांगा की माणूस कुणी नाहीये. इंटरनेटवर प्रोग्राम फिरत असतात, ५०६० पोर्ट उघडा दिसला की सरळ तुमच्या फोनवरच कॉल टाकतात. प्रोव्हायडरच्या कॉल लॉगमधे हे कॉल दिसणार नाहीत, तीच खूण. पण हे हलक्यात घेऊ नका. असे प्रोग्राम कच्चे पासवर्ड शोधत असतात आणि सापडला की तुमच्या नावावर परदेशी कॉल होतात. राउटरमधलं फोनकडचं पोर्ट फॉरवर्ड काढा, फोनमधे फक्त आपल्या सर्व्हरकडूनच कॉल घ्यायचं सेटिंग चालू करा, पासवर्ड बदला, आणि परदेशी कॉलची गरज नसेल तर ते प्रोव्हायडरकडून बंदच करून घ्या.

प्रश्न: लाइट जाऊन आली आणि फोन रजिस्टरच होईना. पासवर्ड चार वेळा भरून पाहिला.

थांबा, आता पासवर्ड भरू नका. सारखा चुकीचा गेला तर काही सर्व्हर तुमच्या ऑफिसचा आयपीच ब्लॉक करतात आणि मग सगळेच फोन जातात. आधी स्क्रीनवरची तारीख बघा. टीएलएस वापरत असाल आणि तारीख भलतीच असेल तर फोनला सर्व्हरचं सर्टिफिकेट चुकीचं वाटतं, एनटीपी सर्व्हर (ज्याच्याकडून फोन तारीख-वेळ घेतो) नीट भरला की सुटतं. तारीख बरोबर असेल तर एरर कोड बघा. ४०८ म्हणजे सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही, नेटवर्क तपासा. ४०३ म्हणजे सर्व्हरने ऐकलं आणि नाही म्हणाला, मग प्रोव्हायडरला लावा. लॉगमधे ४०१ दिसला तर घाबरू नका, पहिल्यांदा तो येतोच, सर्व्हर त्यातून पासवर्ड मागतो.

प्रश्न: लाइट गेली की फोन बंद. कॉल मोबाइलवर वळवायला फॉरवर्ड लावून ठेवलाय तरी येत नाहीत.

कारण फॉरवर्ड तुम्ही फोनमधे लावलाय आणि फोनच बंद आहे, मग वळवणार कोण? प्रोव्हायडरच्या पोर्टलवर "फोन रजिस्टर नसेल तर" असा वेगळा फॉरवर्ड असतो, तो लावा, तो सर्व्हरवरून चालतो. यूपीएस लावायचा असेल तर मोडेम, राउटर आणि पीओई स्विच तिघांनाही लावा. फोनला वेगळा लागत नाही, त्याला स्विचमधूनच मिळतं.