इलेक्ट्रॉनला पळवू नकोस

प्रिय चित्रकार मुली,

वीज आणि चुंबकावरच्या तुझ्या चित्रकथेची पानं मिळाली. रेषा झकास आहे, आणि बूट घातलेला, धापा टाकणारा इलेक्ट्रॉन मला आवडला. पण तो बटणापासून बल्बपर्यंत शर्यत लावतो, तिथे मी लाल पेन्सिल काढली.

१ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर पुढे सरकतात. म्हणजे तासाभरात जेमतेम वीतभर. (जागच्या जागी त्यांची भन्नाट पळापळ चालू असते, ती वेगळी.) हे झालं सेलचं. घरातल्या विजेची दिशा तर सेकंदाला १०० वेळा उलटते. तुझा गडी बटणापाशीच मागेपुढे डुलत राहणार, बल्ब त्याला जन्मात दिसायचा नाही. अगं, खरी गंमत इथेच आहे, आणि तू त्याला घाम काढत बसलीस!

मग बल्ब लगेच कसा लागतो, हे मुलं विचारणारच. तार आधीपासून इलेक्ट्रॉनांनी गच्च भरलेली असते. पंढरपूरची दर्शनबारी काढ: मागून रेटा आला की गाभाऱ्याजवळचा माणूस हलतो, रेटणारा मात्र अजून मागेच. फक्त हे चित्र कुठे फसतं, तेही त्याच पानावर सांगून टाक. इलेक्ट्रॉन एकमेकांना खांद्याने ढकलत नाहीत. बटण दाबलं की तारेत विद्युतक्षेत्र उभं राहतं, जवळपास प्रकाशाच्या वेगाने, आणि सगळ्यांना एकदमच ढोसतं. कोपऱ्यात एक खडूस उंदीर बसव. चित्राने थाप मारली की तो ओरडेल.

थाप मारण्यात कमीपणा नाही. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानेही १८६१-६२ च्या लेखमालेत चुंबकक्षेत्रासाठी फिरणारे भोवरे आणि त्यांच्यामधून घरंगळणारे कण कल्पिले, चित्रही दिलं. निसर्गात हुबेहूब असंच असतं, असा त्याचा दावा नव्हता. १८६५ च्या लेखात त्याने भोवऱ्यांचा आधार सोडला, समीकरणं ठेवली.

चुंबकाची पानं मात्र मला फिकी वाटली. लाल आणि निळ्या टोकांची प्रेमं नि भांडणं सगळेच काढतात. त्यापेक्षा १८२० सालचा कोपनहेगनचा शास्त्रज्ञ अर्स्टेड घे. होकायंत्राच्या सुईवर, तिला समांतर तार धरली आणि प्रवाह सोडला, तर सुई तारेकडे ओढली जात नाही, लांबही पळत नाही. ती आडवी वळते. सेल उलटा लाव, विरुद्ध बाजूला वळते. असलं आडमुठं पात्र तुला आयतं मिळतंय! चार चौकटी पुरे, संवाद नकोत.

पुढच्या खेपेला तांब्याच्या पाइपातून पडणारा चुंबक काढून पाठव. एसी बसवणाऱ्यांकडे पाइपाचे उरलेले तुकडे असतात. आत सैल जाईल पण फार ढिला नसेल असा निओडिमियमचा, म्हणजे खूप जोरदार, गोल चुंबक घे. आधी सोडून बघ, मग पेन्सिल उचल. पडणाऱ्या चुंबकामुळे पाइपात गोल गोल प्रवाह उठतात आणि त्यालाच अडवतात, म्हणून तो रमतगमत उतरतो. पण पहिल्या चौकटीत चुंबक पाइपाला बाहेरून लावून दाखव, तो चिकटत नाही हे दिसू दे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, आत चिकटत चिकटत आला.

आणि भिंतीतल्या सॉकेटशी खेळणारं पात्र एकाही पानावर नको. २३० व्होल्ट आहेत ते.

तुझा,
काका