पाणी दोनदा उकळूनही बर्फ मधोमध पांढराच का राहतो?

तुम्ही विचारलंय की पाणी गाळून, फिल्टर करून, दोनदा उकळून घेतलं तरी ट्रेमधले खडे कडेला काचेसारखे आणि मधोमध दुधी निघतात. मग दोष पाण्यात की फ्रीजरमध्ये, आणि असा बर्फ वापरायला चालेल ना? पाण्यात दोष नाही, फ्रीजरमध्येही नाही. दोष ट्रेचा आहे. आणि 'दोनदा उकळा' म्हणणाऱ्या मंडळींशी माझं फार जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगून ठेवतो.

बर्फाचा स्फटिक भलताच निवडक असतो. पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसताना हवा आणि क्षार यांना जवळजवळ जागाच देत नाहीत. जे जाळीत मावत नाही ते पुढे ढकललं जातं, म्हणजे अजून न गोठलेल्या पाण्यात. शून्य अंशाजवळच्या एक लिटर पाण्यात साधारण 29 मिलिलिटर हवा विरघळून राहू शकते. 20 अंशांना हा आकडा 19 च्या आसपास येतो. ट्रेच्या कप्प्याला थंडी वरून, खालून आणि चारही बाजूंनी लागते. बर्फ बाहेरून आत येतो आणि ढकललेली सगळी हवा मधोमध कोंडली जाते. कप्प्यातलं नऊ दशांश पाणी गोठलं, की उरलेल्या एक दशांशात हवेचं प्रमाण मूळच्या दहापट व्हायला बघतं. तेवढी हवा पाण्यात मावत नाही, ती बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते आणि तिथेच गोठून अडकते. बर्फाचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो याचं माप) 1.31, हवेचा 1.00. अशा हजारो सीमांवर प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून तो भाग पांढरा दिसतो. त्यासाठी पांढरा असा कुठलाही पदार्थ लागत नाही.

एखादा खडा उजेडासमोर धरून भिंगातून बघा. बरेचसे बुडबुडे गोल नसतातच. ते केसासारखे बारीक, लांबट असतात आणि त्यांची टोकं खड्याच्या मध्याकडे वळलेली असतात. बुडबुडा गोठण्याच्या सीमेवर जन्मतो, सीमा पुढे सरकते, समोरच्या पाण्यातून त्याला हवा मिळत राहते आणि तो सीमेबरोबर लांबत जातो. बर्फ कुठून कुठे वाढला याचा नकाशाच आहे तो. हे एकदा नीट पाहिलेला माणूस पुन्हा पाणी उकळायच्या भानगडीत पडणार नाही, असं माझं मत.

आता उकळण्याचा हिशोब. उकळल्याने हवा निघून जाते, यात वादच नाही. पण ते पाणी निवताना आणि ट्रेमध्ये ओतताना हवा परत घेऊ लागतं. वरून धार धरून ओतलंत तर आणखी. समजा तुम्ही फार जपून ओतलंत आणि मूळच्या एक पंचमांशच हवा राहिली. तरीही शेवटच्या एक दशांश पाण्यात ती मूळ प्रमाणाच्या दुप्पट होते. पांढरा गाभा थोडा लहान होईल, नाहीसा होणार नाही. तुम्हाला हेच दिसतंय. दुसऱ्यांदा उकळून यात काहीच फरक पडत नाही, इंधन मात्र जळतं.

यावर 'मग तू नीट उकळलं नसशील' हे उत्तर ठरलेलं असतं. त्यासाठी शाईची परीक्षा आहे. एका वाडग्यात दोन पेले पाणी घ्या, त्यात पाण्यात विरघळणाऱ्या निळ्या शाईचे तीन-चार थेंब टाका, फिकट निळं झालं की फ्रीजरमध्ये ठेवा. शाईसाठी वापरलेलं भांडं खाण्यापिण्यात परत आणू नका. पूर्ण गोठल्यावर फोडून पाहा: कडा जवळपास रंगहीन, निळा रंग मधोमध गोळा झालेला. पाणी कितीही वेळा उकळा, शाई काही उडून जात नाही आणि रंग मध्ये जायचा तो जातोच. म्हणजे मुद्दा पाण्यात काय आहे हा नाही. नको ते ढकलत ढकलत बर्फ त्याला कुठे नेऊन सोडतो, हा आहे.

याहून सज्जड पुरावा बर्फाच्या कारखान्यात मिळतो. लाद्यांचे उंच पत्र्याचे डबे शून्याच्या खाली बऱ्याच अंशांवर ठेवलेल्या मिठाच्या द्रावणात बुडवतात. पारदर्शक लादी हवी असेल तर डब्यातल्या पाण्यात नळीने हवा सोडतात. होय, हवा! खळबळीमुळे गोठण्याच्या सीमेवर काही चिकटून राहत नाही. बुडबुडे धुतले जाऊन वर येतात आणि फुटतात. शेवटी मधोमध जो पाण्याचा गाभा उरतो त्यात क्षार साठलेले असतात. तो पंपाने ओढून घेऊन तिथे ताजं पाणी भरतात. पाण्यात मुद्दाम हवा फुंकूनही बर्फ काचेसारखा निघतो, हे सांगितलं की उकळणारी मंडळी विषय बदलतात.

घरी नळी-पंपाची गरज नाही. बर्फाला एकाच बाजूने वाढू द्यायचं, एवढंच. थर्माकोलची किंवा जाड इन्सुलेशनची पेटी घ्या, आतून साधारण 20 बाय 15 सेंटिमीटर, उंची 15, भिंती आणि तळ किमान 3 सेंटिमीटर जाड. थर्माकोलची पेटी झिरपते, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला किंवा पातळ प्लास्टिकचा डबा बसवा. झाकण काढून बाजूला ठेवा. ते लागत नाही. तीन लिटर पाणी घाला, म्हणजे खोली 10 सेंटिमीटर होईल. पाणी रात्रभर फ्रिजमध्ये थंड करून घेतलेलं असावं. ही पायरी बरेच जण वगळतात आणि मग 'चोवीस तास झाले तरी नुसता पापुद्रा' म्हणून रडतात. पेटीतून उष्णता फक्त वरून निघायची असते, त्यामुळे खोलीच्या तापमानाचं पाणी 4 अंशांपर्यंत यायलाच सात-आठ तास, कधी त्याहून जास्त जातात.

4 अंशांना महत्त्व का, तर तिथे पाण्याची घनता सर्वांत जास्त असते. त्याच्या वर असताना गार झालेलं पाणी खाली बसतं आणि सगळं पाणी घुसळत राहतं. 4 च्या खाली गेल्यावर जास्त गार पाणी हलकं, ते वरच राहतं आणि पृष्ठभाग आधी गोठतो. तलाव वरून खाली गोठतात ते याचमुळे, आणि थंड प्रदेशातल्या तलावांवर बर्फाचा पहिला थर इतका पारदर्शक असतो की खालचं काळं पाणी दिसतं. त्याच तलावावर हिम पडून भिजून गोठलं की तो थर पांढरा होतो. पाणी तेच, वाढायची तऱ्हा वेगळी.

फ्रीजर उणे 18 वर असेल तर सुरुवातीला तासाला जेमतेम 2 मिलिमीटर बर्फ चढतो, पुढे वेग मंदावतो. कारण नवा बर्फ तयार होताना सुटणारी उष्णता (किलोमागे 334 किलोजूल) आधी झालेल्या बर्फाच्या थरातून आणि त्यावरच्या हवेतून बाहेर पडावी लागते. पहिल्या चोवीस तासांत 4 ते 5 सेंटिमीटर, दीड दिवसात सहा-साडेसहा धरा. आत जोराचा पंखा असेल तर लवकर. पाणी 10 सेंटिमीटर असेल तर 6-7 सेंटिमीटर बर्फ झाला की पेटी बाहेर काढायची. इथेच हाव नडते. दोन तृतीयांश गोठल्यावर खालच्या पाण्यात हवा आणि क्षार जवळपास तिप्पट झालेले असतात, त्यापुढे तळाकडून पांढऱ्या सुया दिसायला लागतात. सगळं गोठू दिलंत तर तोच पांढरा गाभा तळाशी मिळेल, आणि पाणी गोठताना आकारमान 9 टक्क्यांनी वाढत असल्याने पेटी फुटेल ती वेगळी.

पेटी उलटी करून सिंकमध्ये 15-20 मिनिटं ठेवा. लादी आपणहून सुटते. कडेने आणि तळाला बर्फाचं पातळ कवच असतं, कारण 3 सेंटिमीटर थर्माकोलमधूनही उष्णता उघड्या पृष्ठभागाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याने झिरपतेच. ते सुरीच्या पाठीने फोडा, न गोठलेलं पाणी ओतून द्या. मग लादी लगेच कापायला घेऊ नका! ती उणे तापमानाला असते. वरचा थर गरम होऊन प्रसरण पावतो, आतला पावत नाही आणि आरपार तडे जातात. वीस-तीस मिनिटं तशीच बाहेर ठेवा. आधी लादीवर पांढरं दव दिसेल, ते जाऊन पृष्ठभाग ओला, चकचकीत झाला की समजा तयार आहे. दातेरी सुरीने जिथे तुकडा हवा तिथे 3-4 मिलिमीटर खोल रेघ ओढा, सुरी त्या खाचेत ठेवून पाठीवर लाकडी हातोड्याने हलका ठोका द्या. लादी सरळ रेषेत दुभंगते. तुकडे पुसून, एकमेकांना न चिकटवता तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि मगच पिशवीत भरा, नाहीतर त्यांचा पुन्हा एक दगड होतो.

बिघडतं ते बहुतेक ठरावीक ठिकाणीच. पेटी फ्रीजरच्या गार भिंतीला टेकवली तर त्या बाजूने बर्फ आत शिरतो आणि पांढरा पट्टा तिरका येतो. सगळीकडून दोन बोटं जागा सोडा आणि पेटीखाली थर्माकोलचा आणखी एक तुकडा सरकवा. दार सारखं उघडलं तर तापमान वरखाली होऊन लादीत आडवे पट्टे पडतात. मधोमध फुगवटा येऊन लादी तडकली असेल, तर कडेचं इन्सुलेशन अपुरं आहे: आत कोंडलेल्या पाण्याला वाढायला जागा मिळाली नाही. साध्या ट्रेमध्ये कधी कधी खड्यावर बर्फाची सुई उभी राहते ती याच दाबामुळे. पृष्ठभागावर शेवटी एक बारीक भोक उरतं, त्यातून पाणी वर ढकललं जातं आणि कडेकडेने गोठत नळीसारखं वाढतं. ऊर्ध्वपातित पाण्यात हे जास्त दिसतं. काचेचं भांडं या कामाला वापरू नका, फुटतं.

आता उकळणाऱ्यांच्या बाजूने जे आहे तेही लिहितो, नाहीतर खाली प्रतिक्रियांत तेच येईल. पाणी फार जड (क्षारयुक्त) असेल तर उकळल्याने विरघळलेल्या बायकार्बोनेटचा कार्बोनेट होऊन तो भांड्याच्या तळाशी बसतो. वरचं पाणी निवळून घेतलं तर क्षार खरोखरच कमी होतात. पेटीत उकळलेलं पाणी वापरलं तर पारदर्शक थर थोडा जास्त खोल मिळू शकतो. पण कढत पाणी थेट थर्माकोलमध्ये ओतू नका, तो मऊ पडतो. फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी असले तरी हवा असतेच. त्यामुळे साध्या ट्रेमध्ये त्याचाही गाभा पांढराच निघणार.

पेटी ठेवायला जागा नसेल तर तळाला भोकं असलेले सिलिकॉनचे साचे मिळतात. ते पाण्याने भरलेल्या इन्सुलेटेड डब्यावर बसतात, हवा आणि क्षार भोकातून खाली ढकलले जातात, वर स्वच्छ खडे राहतात. खालचं पाणी पूर्ण गोठायच्या आत साचा काढला नाही तर मात्र सगळं एकसंध होऊन बसतं.

वापरायला चालेल का, हे राहिलंच. चालेल. पिण्याजोग्या पाण्याचा बर्फ पांढरा असो वा पारदर्शक, पाणी तेच. वितळल्यावर पेल्याच्या तळाशी पांढरी पूड दिसली तर तो बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट, गोठताना पाण्यातून बाहेर पडलेला. त्याने अपाय होत नाही. पण गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही, तेव्हा पाण्याबद्दलच शंका असेल तर एकदा खळखळून उकळून घ्या. तेवढ्यापुरतं उकळणं मला मान्य आहे.