तांबे, चांदी आणि सोने आवर्तसारणीत एकाच उभ्या स्तंभात का असतात?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीच्या पैंजणातली चांदी आणि कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारातल्या कोल्हापुरी साजातले सोने, तांब्यासह, आवर्तसारणीच्या अकराव्या गणात (म्हणजे उभ्या स्तंभात) बसतात, याचे कारण अणूच्या रचनेत आहे. केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या मूलद्रव्य कोणते ते ठरवते (तांबे २९, चांदी ४७, सोने ७९). त्याचा रासायनिक स्वभाव मात्र मुख्यतः बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असतो, आणि या तिघांच्याही सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये मूलद्रव्यांची मांडणी अणुवस्तुमानानुसार केली होती. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोसलेच्या १९१३ मधील क्ष-किरण प्रयोगांनंतर अणुअंक, म्हणजे प्रोटॉनांची संख्या, हा तिचा आधार झाला. अर्थात, एका गणातले असूनही हवेतील गंधकयुक्त वायूने पैंजण काळे पडते, शुद्ध सोन्यावर त्याचा परिणाम होत नाही.