फिलिपिनो लोकांचे माजी विद्यार्थ्यांचे गट परदेशात इतके कसे टिकतात?

तुम्ही विचारलंय की दुबईत फिलिपिनो लोकांच्या कॉलेजांचे गट वर्षानुवर्षं चालतात आणि आपली मंडळी मात्र दोन भेटींनंतर पांगतात, असं का होतं. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अकरा वर्षं आहे. त्यातली सहा वर्षं दुबईतल्याच करामा भागात एका फिलिपिनो नर्सबरोबर एकाच खोलीत राहिले. तिला सगळे ‘आते’ म्हणायचे. आपल्याला आत्या आठवते, पण त्यांच्यात आते म्हणजे थोरली बहीण. तिच्यामुळे हे सगळं मला जवळून बघायला मिळालं.

माझ्या मते मुख्य कारण एकच आहे. त्यांचा गट नव्याने आलेल्या माणसासाठी असतो. नोकरीच्या ओळखी त्यातूनच होतात.

एकदा आमच्याकडे फिलिपिन्समधल्या इलोइलोहून एक मुलगी आली. आतेच्याच कॉलेजची, पण सतरा वर्षांनी लहान, आधीची काहीही ओळख नाही. तिला आणायला विमानतळावर दोघं गेली होती. खोलीत गादी घालून ठेवली होती, उशीवर मेट्रोचं नोल कार्ड आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत नर्सच्या लायसन्ससाठी काय काय करायचं ते लिहिलेलं: डेटाफ्लो या कंपनीकडून पदवीच्या कागदांची पडताळणी, डीएचएची (दुबईच्या आरोग्य खात्याची) परीक्षा, आणि कोणत्या कागदाला किती दिवस धरायचे. फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणून आईचं माहेरचं आडनाव लावतात. तिच्या गुणपत्रिकेवर ते वेगळ्या स्पेलिंगने पडलं होतं. पडताळणी तिथेच अडली असती, पण गावाकडच्या एका बॅचमेटने कॉलेजच्या रजिस्ट्रारकडे दोन खेपा घालून दुरुस्तीचं पत्र मिळवलं. अशी मदत झालेली माणसं गट सोडून जात नाहीत.

यामागे त्यांचा इतिहासही आहे. 1974च्या कामगार कायद्यापासून तिथल्या सरकारनेच लोकांना परदेशी नोकरीला पाठवण्याची यंत्रणा उभी केली, त्यामुळे लाखो घरांतलं कोणी ना कोणी बाहेर आहे. देश सात हजारांहून जास्त बेटांचा, भाषा शंभराच्या वर. परक्या शहरात इलोइलोचा आणि मनिलाचा माणूस एकत्र यायला कॉलेज हा मोठा धागा ठरतो. तिथल्या दुमागेते शहरातलं सिलिमन विद्यापीठ 28 ऑगस्ट 1901 रोजी सुरू झालं. तिथले माजी विद्यार्थी जिथे असतील तिथे तो दिवस साजरा करतात. तारीख ठरलेली असली की ‘कधी भेटायचं’ यावर महिनाभर चर्चा होत नाही.

दुसरं म्हणजे बॅच. ओळख झाली की पहिला प्रश्न, कुठली बॅच? त्यावरून कोण आते, कोण कुया (थोरला भाऊ) हे ठरतं, आणि थोरल्यावर धाकट्याची जबाबदारी आपसूक येते. बऱ्याच शाळा-कॉलेजांत पदवीला पंचवीस वर्षं झालेली बॅच त्या वर्षीच्या मेळाव्याची यजमान असते. आतेच्या गटाने इथे तेच केलं, दरवर्षी वेगळी बॅच. त्यामुळे अध्यक्षपदावरून भांडण नाही आणि एकाच माणसाची दमछाकही नाही.

पैशाला ते ‘आंबागान’ म्हणतात, म्हणजे आपली वर्गणी. आतेकडे दोनशे पानी वही होती. झबील पार्कात चटईवर बसून ती पान्सितच्या (त्यांच्याकडच्या नूडल्सच्या) ट्रेचे, पाण्याच्या बाटल्यांचे दिरहम मोठ्याने वाचून दाखवायची, उरलेले तिथेच परत करायची. हे नीट लक्षात ठेवा: इथे परवानगीशिवाय देणग्या गोळा करणं गुन्हा आहे. म्हणून खाण्यापिण्यापलीकडे ते काही जमवत नसत. शिष्यवृत्तीला मदत करायची असेल तर ज्याने त्याने थेट कॉलेजला पाठवायची.

रात्रपाळीवाल्यांसाठी डबे आधीच भरून बाजूला काढलेले असायचे. त्याला ‘पाबाओन’ म्हणतात, अगदी आपल्या शिदोरीसारखं. जो येऊ शकला नाही तोही गटात धरलेला असायचा, आणि मला वाटतं पुढच्या वेळी तो येतो तो त्या डब्यामुळेच.

आमच्या कॉलेजचा पहिला मेळावा आम्ही हॉटेलच्या हॉलमध्ये घेतला. तीन भाषणं झाली, व्हिजिटिंग कार्डं वाटली, पुढच्या वर्षी नऊ जण आले. मग आतेलाच विचारलं. ती म्हणाली, “या महिन्यात तुमच्या कॉलेजचं कोण येतंय, ते आधी शोध.”

लातूरचा एक मुलगा येत होता. त्याला आणायला आम्ही तिघं गेलो. पहिले पंधरा दिवस तो आमच्यातल्या एकाकडे राहिला. मेळाव्यात त्याने प्रत्येकाला बॅच विचारून वहीत लिहून घेतली. ती वही अजून त्याच्याकडेच आहे, आता त्यात एकसष्ट नावं आहेत. तुम्हीही या महिन्यात तुमच्या कॉलेजचं कोण येतंय ते विचारा, आणि विमानाची वेळ लिहून घ्या.